ओळखीचा माणूस

माझा भाचा पुण्यात राहतो. बी.सी.ए. झालाय. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. आवाज दबका, कारण खोलीत आणखी तिघं झोपलेले. म्हणाला, ‘‘मामू, लिंक्डइनवरचं प्रोफाइल नव्यानं करतोय. नाव पूर्ण टाकू, की नुसती आद्याक्षरं?’’

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द कुठं ठेवावा, कुठं गाळावा, हे नवी लिहिणारी मुलं मला अधूनमधून विचारतात. पण स्वतःचं नाव ठेवावं की गाळावं, असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. ‘‘उद्या सांगतो,’’ म्हटलं आणि फोन ठेवला. झोप मात्र आली नाही.

ज्यांना लिंक्डइन ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही इंटरनेटवरची एक मोठी वही आहे. तिच्यात तुम्ही तुमचं शिक्षण, अनुभव, फोटो लावून पान उघडायचं, आणि मग ओळखी जोडत जायच्या. तुमच्या ओळखीचा, त्याच्या ओळखीचा, त्याच्याही ओळखीचा अशा पायऱ्या ती वही दाखवते. नोकरी देणारे तिच्यात माणसं शोधतात आणि नोकरी मागणारे तिच्यात दारं शोधतात. माझ्या भाच्याच्या पिढीला ही सगळी नवीन गोष्ट वाटते. मला मात्र ते पान बघताना माझ्या अब्बांची गिरणी आठवली. त्या रात्री मी जे आठवत बसलो, तेच आज सांगणार आहे.

मराठीत ‘ओळख’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘माझी त्यांच्याशी ओळख आहे’ म्हटलं की परिचय. ‘माझी ओळख काय?’ म्हटलं की मी कोण, कुठला, कुणाचा. ओळखीच्या माणसात पहिला अर्थ आणि ओळखपत्रात दुसरा. नोकरीच्या बाजारात या दोन ओळखी एकमेकींत अडकलेल्या असतात. पहिली असली की दुसरी फारसं कुणी विचारत नाही. पहिली नसली की दुसरीच आधी पुढं येते.

आपले नोकरीचे बरेचसे शब्द अरबी-फारसीच्या वाटेनं आले आहेत. नोकरी, अर्ज, शिफारस, हजेरी, रोजगार, बेकार. ‘पगार’ तेवढा पोर्तुगिजांनी दिला. ‘वशिला’ म्हणजे मूळचा अरबी ‘वसीला’, अर्थ साधन, जवळ पोचण्याची वाट. मुळात त्यात वाईट काही नाही. मराठीत येऊन तो बदनाम झाला आणि वशिल्याची तट्टं तयार झाली. आणि ‘उमेदवार’ म्हणजे उमेद धरून बसलेला. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमधून बिनपगारी काम शिकत, जागा रिकामी होण्याची वाट बघणारी मुलं असत. त्यांना उमेदवार म्हणत. आज त्याला इंग्रजी नाव देऊन ‘इंटर्न’ म्हणतात, एवढाच फरक.

आता गिरणीकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत पहिला भोंगा वाजला. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसं येऊ लागली. पण गावाकडून आलेल्या माणसाला गिरणीत घेणार कोण? लँकेशायरहून आलेल्या मास्तराला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला मास्तराची. मधे उभा होता जॉबर. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी.

जॉबर म्हणजे त्या काळचं अख्खं भरती खातं. तोच कामावर घ्यायचा, तोच काढायचा, तोच काम शिकवायचा. अनेक जॉबर गरजेला कर्जही द्यायचे आणि राहायला जागाही बघून द्यायचे. मोबदल्यात दस्तुरी. नोकरी लागताना द्यायची, टिकवायला द्यायची. पण जॉबर हा नुसता खलनायक होता असं समजू नये. त्याचीही सत्ता मोहल्ल्यावर, गाववाल्यांवर उभी असे. सकाळी गरज लागेल तेवढी माणसं त्याला उभी करावी लागत, आणि माणसांनी पाठ फिरवली की मालकाच्या लेखी त्याची किंमत संपे.

जॉबरच्या मागे उभी असायची ती गावकी. गिरणगावात एकेका गावाची खोली असे. दिवसपाळीवाले झोपायला आले की रातपाळीवाले उठून कामावर जात. जेवायला खानावळवाली बाई. गोव्याहून आलेल्या खलाशी-आचाऱ्यांचे असेच गावनिहाय ‘कूड’ धोबीतलाव-माझगावकडे होते. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात एकत्र राहत. कुठल्या गिरणीत कुठल्या खात्यात माणूस लागणार आहे, ही बातमी वर्तमानपत्रात छापून येत नव्हती. ती या खोल्यांमधून फिरत असे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मुंबईच्या ५०० गिरणी कामगारांची पाहणी झाली होती. त्यांतल्या ८१ टक्के लोकांचे नातलग किंवा मित्र या धंद्यात होते. आजच्या भाषेत सांगायचं तर गावकीची खोली हेच त्यांचं ‘नेटवर्क’ होतं.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण ओळखीचं दार एकाला उघडतं तेव्हा दुसऱ्याला बंद होतं. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार जास्त. तिथं धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून भोकातून काढावा लागे. धागा उष्टा होतो, विटाळ होतो, या कारणावरून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. हे करणारा मालक नव्हता, तर बरोबरीनं घाम गाळणारे कामगारच होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. एकाच चाळीत, एकाच भोंग्यावर जगणाऱ्यांमध्येही ओळखीची एक लक्ष्मणरेषा होती आणि ती कापसाच्या धाग्याइतकी बारीक होती.

सरकारलाही जॉबरचा कारभार खुपत होता. १९२९ मध्ये व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयी रॉयल कमिशन नेमलं गेलं. १९३१ च्या अहवालात त्यांनी भरतीतल्या लाचखोरीवर बोट ठेवलं आणि माणसं घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढावा असं सुचवलं. मुंबईत १९३५ मध्ये बदली कामगारांची योजना आली. दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहायचं, आणि कायम कामगार गैरहजर असेल तर याच कार्डवाल्यांमधून माणूस घ्यायचा. ओळखीच्या जागी कार्ड आणण्याचा हा आपल्याकडचा एक मोठा प्रयत्न. पण ते कार्ड मिळायला परत ओळख लागायचीच.

माझ्या अब्बांना ते कार्ड मिळालं १९५८ साली. आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर पिंजण टाकून घाटावरच्या गावोगाव फिरत, गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देत. गिरणीत आमचं कुणी नव्हतं. शेजारच्या गावचे एक तात्या परळच्या एका गिरणीत होते. मराठा शेतकऱ्याचं घर. ते जत्रेला गावी आले की गादी पिंजून घेत, एवढीच ओळख. एका जत्रेला ते अठरा वर्षांच्या अब्बांना म्हणाले, ‘‘इथं किती दिवस कापूस झोडशील? तिकडंही कापूसच आहे. चल.’’ तात्यांनी आपल्या पुतण्यासाठी खात्यात शब्द टाकून ठेवला होता. पुतण्या तालमीच्या नादात गाव सोडायला तयार नव्हता. तो शब्द तात्यांनी अब्बांच्या नावावर वळवला. पहिले पंधरा दिवस अब्बा त्यांच्या गावकीच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपले, मग मदनपुऱ्यात जागा मिळाली. तेवीस वर्षं ते कार्डिंगमध्ये होते. तात्यांचं नाव निघालं की अब्बा हातातलं काम थांबवत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. अब्बा गावी परतले ते कायमचे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढं कळत्या वयात लक्षात आलं की गिरणी बंद पडली तेव्हा नुसता पगार बंद झाला नव्हता. गावकीच्या खोल्या, खानावळी, ‘ये, बघतो’ म्हणणारी माणसं, हे सगळंच विरून गेलं होतं. ज्या ओळखीवर दोन-तीन पिढ्या जगल्या, ती ओळख एका रात्रीत कुठल्याच दारावर चालेनाशी झाली.

मग आमच्या पिढीपुढं राहिली ती सरकारी वाट, म्हणजे सेवायोजन कार्यालय. लोकांच्या तोंडी ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’. ही कल्पना इंग्लंडची. तिथं १९०९ मध्ये कायदा होऊन १९१० मध्ये अशी कार्यालयं उघडली. आपल्याकडे जुलै १९४५ मध्ये, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी ती सुरू झाली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वापरली गेली आणि १९४८ मध्ये सर्वांना खुली झाली. १९५९ मध्ये संसदेनं कायदा केला, की सरकारी कार्यालयांनी आणि २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवल्याच पाहिजेत. हा कायदा लागू झाला १ मे १९६० ला, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच दिवशी.

कल्पना फार मोठी होती. तुमचा बाप कोण, गाव कुठलं, जॉबर कोण, याच्याशी कार्यालयाला देणंघेणं नाही. रांगेत उभं राहा, नाव नोंदवा, नंबर आला की ‘कॉल’ येईल. पण कायद्यात एक मेख होती. जागा कळवणं बंधनकारक होतं, कार्यालयानं पाठवलेला माणूस घेणं बंधनकारक नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये हे स्पष्ट करून सांगितलं. खासगी मालक जागा कळवायचे, आणि माणूस मात्र आधीच ठरलेला असायचा.

मी १९९१ मध्ये बी.ए. झालो आणि नाव नोंदवलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते दिवस पाहिले असतील. आठवून बघा. कार्ड वेळेवर रिन्यू करायचं. रविवारच्या पेपरातलं ‘पाहिजेत’चं सदर आधी वाचायचं. १९७६ पासून निघणारा ‘रोजगार समाचार’ वाचनालयात कुणाच्या हातात आहे ते बघून त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. टायपिंगची परीक्षा. पोस्टल ऑर्डर. मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. शिवाय वर्तणुकीचा दाखला. त्यावर मजकूर छापलेलाच असे, की ‘मी यांना गेली अमुक वर्षे व्यक्तिशः ओळखतो’. मला ज्यांनी तो दाखला दिला, त्यांनी मला त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी ‘पाच’ वर्षं लिहिली. मी आभार मानून बाहेर आलो. म्हणजे ओळख नव्हती, आणि ओळख असल्याचा सरकारी कागद मात्र हातात होता.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी समोरचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, ‘‘मराठी फार छान बोलता हो तुम्ही!’’ मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, सात पिढ्या घाटावरच्या. काय बोलणार? हसलो. पत्र काही आलं नाही. सेवायोजन कार्यालयाचा पहिला कॉल सहा वर्षांनी आला, तोवर वय उलटत आलं होतं.

नोकरी लागली ती भलत्याच वाटेनं. एका कविसंमेलनात माझी कविता ऐकलेले एक गृहस्थ होते. त्यांची-माझी उभ्या आयुष्यात दोनदा गाठ पडलेली. त्यांनी एका छापखान्यात सांगितलं, की एक मुलगा आहे, शुद्धलेखन पक्कं आहे. मी मुद्रितशोधक झालो. आमच्या मोहल्ल्यात जिवाला जीव देणारे लोक होते, पण त्यांच्यापैकी कुणालाही छापखान्यात माणूस हवाय हे माहीत असणं शक्य नव्हतं.

हे असं का होतं, याचं उत्तर मला फार उशिरा वाचायला मिळालं. मार्क ग्रानोव्हेटर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ जणांकडून माहिती घेतली. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. त्यात नवल नाही. नवल पुढंच आहे. नोकरीची बातमी देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, असं त्यांनी विचारलं. नेहमी भेटणारा असं सांगणारे जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणारा, ५६ टक्क्यांच्या आसपास. क्वचित भेटणारा, जवळपास २८ टक्के. यावरचा त्यांचा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज समाजशास्त्रात तो पायाचा दगड मानतात. सार असं, की जिवलग माणसं आपल्याच वर्तुळात फिरत असतात. त्यांना जे ठाऊक, ते आपल्याला ठाऊकच असतं. नवी बातमी येते ती दूरच्या माणसाकडून.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे, तोंडओळख. अब्बांना तात्यांची तोंडओळखच होती. मला त्या गृहस्थांचीही तोंडओळखच.

घट्ट ओळखीची दुसरी बाजूही मुंबईतच कुणी तरी मोजून ठेवली आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातल्या शाळांचा वीस वर्षांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं. कामगार वर्गातल्या, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलग्यांना घरचे मराठी शाळेतच घालत राहिले. कारण बाप-चुलत्यांच्या ओळखीनं लागणारी कामं त्यांच्यासाठी राखीव वाटत होती. १९९० नंतर कचेरीतल्या कामांचे पगार वाढले तरी वाट बदलायला घरं बिचकत होती. मुलींसाठी मात्र अशी कुठलीच ओळख कधी राखून ठेवलेली नव्हती. म्हणून त्याच घरांतल्या मुली भराभर इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि नव्या नोकऱ्यांच्या दारात भावांच्या आधी पोचल्या. ज्या दोरीनं विहिरीतून वर काढलं, तीच पायात अडकते ती अशी. हे वाचलं तेव्हा मला माझी बहीण आठवली, या भाच्याची आई. तिच्यासाठी कुणीच कुठं शब्द टाकला नव्हता. ती डी.एड. करून स्वतःच्या हिमतीवर शिक्षिका झाली.

आता इंटरनेटकडे येऊ. आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून झाली. संजीव बिखचंदानी नोकरीत असताना त्यांच्या पाहण्यात आलं, की कचेरीत ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला की सहकारी तो मागच्या पानांपासून वाचतात. नोकरीच्या जाहिराती तिथं असायच्या. नोकरी बदलायची नसलेलेही वाचायचे. १९९७ मध्ये त्यांनी ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू केलं. देशात तेव्हा इंटरनेट असलेली घरं अगदी थोडी. तरी ते चाललं, कारण ‘पाहिजेत’चं सदर आता रविवारपुरतं राहिलं नाही.

पण ती जाहिरातींचीच पानं होती. ओळखीला वहीत आणलं ते लिंक्डइननं. रीड हॉफमन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००२ च्या अखेरीस काम सुरू केलं आणि ५ मे २००३ ला ती साइट खुली झाली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ मध्ये तिचे सभासद १०० कोटींच्या पुढं गेले, त्यात भारतातले १० कोटींहून अधिक. ओळखीला बाजारात एवढी किंमत येईल, हे एकाही जॉबरच्या स्वप्नात आलं नसेल.

नीट बघितलं तर तिथं सगळं जुनंच आहे. वर्तणुकीच्या दाखल्याच्या जागी ‘रेकमेंडेशन’ आलं, आणि दाखला देणारा इथंही कधीकधी माणसाला न ओळखताच देतो. ‘मी कामासाठी मोकळा आहे’ असं सांगणारं हिरवं कडं २०२० पासून फोटोभोवती लावता येतं. ते बघितलं की मला सकाळी गिरणीच्या दारात कार्ड हातात घेऊन उभे असलेले बदली कामगार दिसतात. फरक एवढाच, की गिरणीच्या दारात किती जण उभे आहेत ते डोळ्यांना दिसायचं. इथं एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज, आणि उभं असलेलं कुणीच दिसत नाही.

तरी या वहीनं एक मोठं काम केलं, हे मान्य केलं पाहिजे. तात्यांसारखा माणूस जत्रेला येईल आणि त्याच्या मनात येईल, याची वाट बघायची गरज उरली नाही. तालुक्याच्या गावातली मुलगी बंगळुरूच्या अधिकाऱ्याला थेट दोन ओळी लिहू शकते. या साइटवरच्या दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांतल्या हालचालींचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लोकांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग केला, अशी त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण निष्कर्ष ग्रानोव्हेटर यांच्या बाजूचाच निघाला. जिवलगांपेक्षा मध्यम दूरच्या ओळखीच नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात. अगदीच परकी ओळख मात्र तितकी कामाची नाही.

तोंडओळख कामाची असली, तरी ती व्हायला आधी कुणी तरी तुमच्या तोंडाकडे बघावं लागतं. आणि भाच्याचा प्रश्न नेमका तिथंच होता.

सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव जुळवून घेतलेले, वेगळं होतं फक्त नाव. काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. कुणाला पुढचं बोलावणं येतं ते मोजलं. अभ्यासकांच्या गणितात उच्चवर्णीय नावाची संधी एक धरली, तर दलित नावाची ०.६७ निघाली आणि मुस्लिम नावाची ०.३३. अर्ज वाचणाऱ्यांनी कुणाचा द्वेष केला असेल असं मला वाटत नाही. गठ्ठ्यातून चार कागद उचलायचे होते. त्यांनी ओळखीचे वाटले ते उचलले.

माणसाच्या जागी यंत्र बसवलं की हे थांबेल, असं काहींना वाटतं. ॲमेझॉननं अर्ज निवडणारं एक यंत्र तयार केलं होतं. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवायला दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्र शहाणं झालं आणि बायकांचे अर्ज मागे टाकू लागलं. कंपनीनं तो नाद सोडला, अशी बातमी २०१८ मध्ये आली. म्हणजे यंत्रही ओळखीचाच चेहरा शोधतं. ओळख त्याला आपणच शिकवलेली असते.

शिवाय दस्तुरी घेणारेही संपलेले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला तरुणांसाठी इशारा द्यावा लागला. थायलंडमधल्या चांगल्या पगाराच्या संगणकीय नोकऱ्यांच्या जाहिराती समाजमाध्यमांवर फिरत होत्या. त्यांना भुलून गेलेली मुलं म्यानमारमध्ये नेऊन डांबली गेली होती. गावकीच्या खोलीत जॉबर फसवायचा तेव्हा त्याचं घर तरी ठाऊक असायचं. ‘ओळखीचा चोर जीवे न सोडी’ ही म्हण मोबाईलच्या आधीची असली तरी तिथंही लागू पडते. हे चोर आधी ओळख काढतात.

एवढं सगळं आठवून सकाळ झाली. भाच्याला फोन केला. उत्तर माझ्याकडे नव्हतंच. त्याला तात्यांची गोष्ट सांगितली, थोरातांचे आकडेही सांगितले, काही लपवलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मामू, आद्याक्षरं टाकली तर मुलाखतीला गेल्यावर नाव सांगावं लागेलच ना. मग आत्ताच सांगतो.’’ त्यानं पूर्ण नाव टाकलं. आजोबांचं आडनावासकट.

मग मी माझ्या फोनमधली नावं चाळत बसलो. संमेलनांतले, छापखान्यांतले, महाविद्यालयांतले, वाचकपत्रांतून ओळख झालेले असे कितीतरी लोक. त्यात सगळ्या जातींचे, सगळ्या गावांचे. यांतल्या कुणाला मी कधी कुणासाठी शब्द टाकला होता? आठवून पाहिलं तर चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलासाठी. तात्यांनी केलं ते मी एकदाही केलं नव्हतं. वशिला वाईट, हे मी अनेक व्यासपीठांवरून बोललो होतो. पण शब्द टाकणं म्हणजे दरवेळी वशिला नसतो. लायक माणूस दारात आहे एवढं आतल्याला कळवणं, हेही काम असतं. आपण ते फक्त आपल्या माणसांसाठी करतो, खोट तिथं आहे.

त्या आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली. एक भाच्यासाठी, अशा गृहस्थांना ज्यांना मी एकदाच भेटलोय. दुसरं एका मुलीसाठी. ती तात्यांच्या गावाकडची, वाचनालयात भेटते, आडनावापलीकडे मला तिची फारशी माहिती नाही. पण तिनं केलेलं भाषांतर मी वाचलं होतं आणि ते चांगलं होतं. तिला एका प्रकाशकाकडे काम मिळालं. भाच्याच्या पत्राला उत्तर आलं, ‘‘बायोडाटा पाठवा, बघतो.’’ तो पाठवला आहे. अजून काही कळलेलं नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)